चौतीस टक्क्यांचा माणूस

गुरुनाथ म्हेत्रे चौतीस टक्के वेडा निघाला आणि तिथंच सगळं बिनसलं. चाळीस निघाला असता तर सरकारने त्याला रोज आठ तासांचा सोबती दिला असता. चौतीस म्हणजे कायद्याने शहाणा.

त्याच्या थोरल्या बहिणीने, वैजंताने, कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला आणखी काही लिहिलं असेल, अशी तिला वेडी आशा. मागची बाजू कोरी होती. सहा टक्क्यांसाठी अडलं का, असं तिने मापन केंद्राच्या खिडकीतल्या पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, मावशी, भाऊ बरा निघाला म्हणून आनंद मानायचा, तर तुम्ही तोंड पाडून काय उभ्या?

वैजंताने तिच्याकडे असं पाहिलं, की पोरीने खिडकीची काच सरकवून घेतली.

कुरुंदगाव हे मागांचं गाव. गुरुनाथ एकोणीस वर्षांचा असताना मागांच्या खडखडाटात त्याला माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. पुढे माग थांबले तरी ती माणसं थांबेनात. आता तो चव्वेचाळीसचा होता, वैजंता एकोणसाठची. आईबाप गेले तेव्हापासून तिने त्याला सांभाळलं. तिला दोन स्थळं आली होती. दोघांनीही विचारलं, भावाला कुठं ठेवणार? जणू भाऊ म्हणजे शिलाई मशीन, नाही मावली तर माळ्यावर टाकता येते. तिने दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

ती कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. पंचवीस वर्षं गुरुनाथ तिच्याबरोबर यायचा, कोपऱ्यात सुताच्या पोत्यावर बसायचा आणि तुटलेल्या दोऱ्यांच्या गुंड्या वळायचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग जुने माग गेले, संगणकावर चालणारे आले, आणि दाराला चेहरा ओळखणारं कुलूप बसलं. ज्याचं नाव हजेरीपटावर, त्यालाच दार उघडणार. वैजंताला उघडायचं, गुरुनाथला उघडायचं नाही. मालकाने हात वर केले. म्हणाला, माझं काय म्हणणं नाही बाई, दाराचं आहे.

म्हणून तिला सोबती पाहिजे होता. ती कामावर असताना भावाजवळ बसेल, त्याला वेळेवर जेवायला घालेल, भीती वाटली तर पाठीवर हात ठेवेल, असा माणूस. सरकारची तशी योजना होती आणि कागदावर चांगली होती. कागदावर वाईट योजना वैजंताने जन्मात पाहिली नव्हती.

योजनेच्या दारात एक यंत्र बसवलेलं होतं. सरकारी नाव चित्तमापक. गाव त्याला टोपडं म्हणायचं, कारण दिसायचं ते तान्ह्या पोराच्या टोपड्यासारखंच, हनुवटीखाली बंद बांधायचं. त्याच्या आत छत्तीस बारीक दिवे होते. त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण कवटीच्या हाडातून दोन बोटं आत जातो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त हा उजेड वेगळा पितं आणि शिळं वेगळा. परत आलेला उजेड मोजला, की डोक्यात कुठे धावपळ आहे आणि कुठे सामसूम, ते कळतं. माणसाला सतरा मिनिटं चित्रं दाखवायची, सोपी गणितं घालायची, ओळखीचे-अनोळखी आवाज ऐकवायचे. मग यंत्र त्याचा नकाशा बारा लाख माणसांच्या नकाशांशी ताडून पाहतं आणि एक आकडा देतं.

यंत्र काही लबाड नव्हतं. ते आलं तेच लबाडांमुळे. पूर्वी डॉक्टर नजरेने टक्के लिहायचे, आणि नजर खिशाकडे असली की टक्के वाढायचे. टोपड्याने तो बाजार उठवला. ते खरं बोलायचं, पण सतरा मिनिटांपुरतं खरं. उरलेल्या दिवसाचं काय होतं, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि ते आपणहून सांगणाऱ्यातलं नव्हतं.

आणि त्या सतरा मिनिटांची वैजंताने काय तयारी केली होती! पहाटे गुरुनाथला कढत पाण्याने आंघोळ घातली. दाढी करवली. ठेवणीतला पांढरा सदरा इस्त्री करून घातला, डोक्याला तेल लावून भांग पाडला. नऊची गोळी सातलाच दिली, म्हणजे साहेबांपुढे हात कापायला नकोत. वाटेत तीनदा घोकून घेतलं, साहेबांनी कसं काय विचारलं तर काय म्हणायचं? बरं आहे म्हणायचं. कुरुंदगावात हे पोराला चालायच्या आधी शिकवतात. घरी फाटकं नेसावं, कचेरीत धुतलेलं. सरकारी माणसापुढे पहिल्याच शब्दाला रडगाणं लावणं म्हणजे आईबापांची अब्रू काढणं. गुरुनाथने शिकवलेलं नीट केलं. साहेबांनी विचारलं, त्याने बरं आहे म्हटलं, वर दोन्ही हात जोडले. आणि सतरा मिनिटं त्याचा डावा हात वैजंताच्या हातात होता. टोपड्याने मोजला तो हाच माणूस, न्हाऊ घातलेला, गोळी पोटात असलेला, बहिणीने हात धरलेला.

केंद्रासमोरच्या चहाच्या गाड्यावर नेताजी भोकरे बसलेला असायचा. पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आता अर्ज भरून द्यायचा. त्याने कागद पाहिला, गुरुनाथला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आक्का, माणूस मापायला आणला व्हता का नवरदेव?"

मग त्याने शिकवणी घेतली. दहा दिवस गोळी बंद. आंघोळ बंद. झोपायला लागला की भांडी वाजवायची. मापायच्या दिवशी तुम्ही बाहेर थांबायचं, हात धरायचा नाही. पन्नास तरी येतातच. त्याच्या फोनवर अशा पन्नास-साठ जणांचे फोटो होते, प्रमाणपत्र छातीशी धरलेले, तारवटलेल्या डोळ्यांचे. शाळेतल्या नंबरात आलेल्या मुलांचे दाखवावेत तसे तो एकेक दाखवत होता.

वैजंताने विचारलं, आणि मग? तर म्हणाला, मग काय, गोळ्या परत सुरू. जणू गुरुनाथ म्हणजे नळ, बंद केला, उघडला.

असल्या माणसाचं तोंड बघू नये, हे तिला कळत होतं. पण घरी गुरुनाथ एकटा होता, कारखाना एक खाडा झाला तरी कटकट करत होता, आणि शेजारच्या सुलाकाकूंनी अधूनमधून डोकावण्यालाही मर्यादा होती. तिने घरी येऊन गोळ्यांचं पाकीट कमरेच्या पिशवीत लपवलं.

दुसऱ्या दिवशी नऊला गुरुनाथ उजवा तळवा पुढे करून उभा राहिला. पंचवीस वर्षं तो असाच उभा राहायचा. तिने सांगितलं, औषधाचं दुकान बंद आहे. त्याने मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तळवा पुढे केला, तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने दुकानदार आजारी आहे का, असं काळजीने विचारलं. वैजंताला वाटलं, याने एकदा तरी शंका घ्यावी. शंका घेणं हाच त्याचा आजार होता. जगावर घ्यायचा, भिंतीवर घ्यायचा, पंख्यावर घ्यायचा. बहिणीवर मात्र त्याने ती कधीच घेतली नाही, आणि आताही घेईना.

चौथ्या दिवशी पाणी आलं. कुरुंदगावाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी चाळीत सण असतो. पिंप, घागरी, पातेली, पोरांचे टब, जे जे भरता येईल ते भरलं जातं. दुपारी बायका लवंडल्या आणि गुरुनाथ उठला. पाण्यातून कोणीतरी वर बघतंय, असं त्याच्या माणसांनी त्याला सांगितलं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि अकरा घरांची पिंपं ओतून आला.

साडेपाचला कारखाना सुटून वैजंता आली तेव्हा चाळीत चिखल होता. दोघा बाप्यांनी गुरुनाथला खाली दाबून धरलं होतं. ओठ फुटला होता, सदरा फाटला होता. तिला पाहून तो हसला.

"आक्का, सगळ्यांना वाचवलं बघ," तो म्हणाला.

तिने कमरेची पिशवी उघडली आणि सगळ्यांसमोर गोळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने गोळीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"उघडलं दुकान?"

"उघडलं," वैजंता म्हणाली.

त्या एका शब्दासाठी तिने पुढे जितक्या वेळा नेताजी भोकऱ्याला शिव्या घातल्या, तितक्याच स्वतःलाही घातल्या.

चाळीने अर्ज केला. चाळीचं चुकलं असंही म्हणता येत नाही, चार दिवस बिनपाण्याचं राहून पाहावं म्हणजे कळतं. अर्ज नगरपालिकेत गेला, तिथून मापन केंद्रात, आणि पंधरा दिवसांनी नोटीस आली. दोघांनी हजर राहावं. गुरुनाथचं पुन्हा मापन होईल. चाळीसपर्यंत गेला तर सोबती. न गेला तर तो देखरेखीविना उपद्रव करणारा इसम, आणि अशा इसमाला शासकीय निवारागृहात ठेवण्यात येईल. निवारागृह तिथून दोनशे किलोमीटरवर होतं. वैजंताने नोटीस सुलाकाकूंकडून दोनदा वाचून घेतली. सोबती मिळायला तिचा भाऊ पुरेसा वेडा नव्हता, पण घरातून उचलून न्यायला होता.

या वेळी तिने त्याला इस्त्रीचा सदरा घातला नाही. पण गोळीही चुकवली नाही. चुकवणं तिच्या हातून आता होणार नव्हतं, मग तो आकडा काय यायचा तो येवो.

आकडा आला चौतीस. टोपडं आपल्या शब्दाला पक्कं.

तिथला अधिकारी दाभाडकर नावाचा, तिशीतला, गोरा, बोलताना पडद्याकडे बघणारा. त्याने दाखवण्यापुरती हळहळ दाखवली आणि म्हणाला, आता तुमचं. वैजंताला कळेना आपलं काय. दाभाडकरने सांगितलं, तक्रार आलेल्या घरात सांभाळणाऱ्या व्यक्तीचंही मापन करायचं, असा नवा नियम आहे. फक्त औपचारिकता म्हणून.

वैजंताच्या पिकल्या डोक्यावर टोपडं बांधलं. बंद हनुवटीखाली आवळताना ती म्हणाली, बारसं पण करा आता. दाभाडकर हसला नाही. सतरा मिनिटं तिने चित्रं पाहिली. हसणाऱ्या बाईचं चित्र, रडणाऱ्या मुलाचं, रिकाम्या खोलीचं. तिला तिन्ही सारखीच वाटली. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं, ती एकोणऐंशीपर्यंत गेली आणि मग तिला कंटाळा आला. कंटाळा नाही, आणखी काहीतरी. पुढचा आकडा गाठायचं कारणच सापडेना.

आकडा आला सत्तावन्न.

दाभाडकरने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच. तो खुर्चीत नीट बसला आणि पहिल्यांदाच पडदा सोडून तिच्याकडे बघून त्याने विचारलं, तुम्हाला झोप लागते का? भूक लागते का? शेवटचं कधी बरं वाटलं होतं? वैजंता नेहमीप्रमाणे बरं आहे म्हणायला गेली आणि तोंडातून नाही असं निघालं. पंचवीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ना चाळीने, ना मालकाने, ना त्या दोन स्थळांनी. आणि विचारलं कोणी, तर टोपड्याने. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचीही तिला चीड आली. असल्या ठिकाणी, असल्या माणसासमोर.

मग दाभाडकर पुन्हा पडद्यात शिरला आणि वाचू लागला. तुम्ही आजपासून मनोदिव्यांग. तुम्हाला सोबती मंजूर. मनोदिव्यांग कामगाराच्या सोबत्याला कामाच्या जागी प्रवेश नाकारता येणार नाही. मात्र मनोदिव्यांग व्यक्ती दुसऱ्याची पालक राहू शकत नाही, म्हणून गुरुनाथला निवारागृहात पाठवावं लागेल. सोबत्यांची प्रतीक्षायादी सध्या चौदा महिन्यांची आहे. तोपर्यंत घरातली कोणीही सक्षम प्रौढ व्यक्ती शासनमान्य सोबती म्हणून नेमता येईल. सक्षम म्हणजे जिचं मापन चाळीसच्या आत आहे अशी. घरात आहे का असं कोणी?

तो हे सगळं एका सुरात वाचत होता, स्टेशनवर गाड्यांची घोषणा होते तसं. आपण काय वाचलं, ते त्याच्या कानावर पडलं नव्हतं. वैजंताच्या पडलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि टेबलावरचा चौतीसचा कागद बोटाने त्याच्यापुढे सरकवला.

"ह्यो हाय की."

"कोण?"

"ह्यो. गुरुनाथ. चाळीसच्या आत हाय, दोनदा मापलाय तुम्हीच. सरकारी शिक्का हाय वर."

दाभाडकर हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं, कारण त्याने सवयीने नाव भरून पाहिलं होतं आणि पडद्यावर हिरवी खूण आली होती. त्याने गुरुनाथकडे पाहिलं. गुरुनाथ छताच्या पंख्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता.

दाभाडकर म्हणाला, बाई, हा सोबती कसा होईल, हा तर... आणि तो थांबला.

"हा तर काय? म्हणा की."

तो काय म्हणणार? तो वेडा आहे असं म्हणावं, तर मग चौतीस कसा? चौतीस चूक म्हणावं, तर यंत्र चूक. आणि यंत्र चुकलं असं लिहायला त्या अर्जात रकाना नव्हता. तो वरच्या साहेबांना फोन लावायला उठला. वरच्या साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण परत आला तेव्हा त्याचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा होता. शासनमान्य सोबत्याला निवारागृहात धाडता येतं का, हेही वैजंताने जाता जाता विचारून घेतलं. येत नव्हतं.

त्याने सही केली. पेन आपटलं, तेवढाच त्याचा पुरुषार्थ.

"एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "दर वर्षी फेरमापन आहे. सोबत्याने रोजची नोंद भरायची, ती थेट आमच्याकडे येते. तुमच्यात सुधारणा दिसली आणि चाळीसच्या खाली आलात, तर सगळं बंद. मग तुम्हीही सक्षम आणि हाही सक्षम."

बाहेर येईपर्यंत वैजंताला त्या बोलण्याचा अर्थ नीट लागला नव्हता. गाड्यावर नेताजी भोकरे होता. त्याने किती आले म्हणून विचारलं. तिने सत्तावन्न सांगितलं. तो म्हणाला, बघा, शिकवणी लागू पडली. ती पुढे होऊन त्याच्या चहात थुंकली आणि भावाचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.

सोमवारी कारखान्याच्या दाराने गुरुनाथचा चेहरा ओळखला. त्याच्या अंगात सरकारी केशरी जाकीट होतं आणि छातीवर बिल्ला. मालक बघत राहिला. वैजंता म्हणाली, माझं काय म्हणणं नाही मालक, दाराचं आहे.

गुरुनाथने नोकरी अंगाला लावून घेतली. चव्वेचाळीस वर्षांत कोणी त्याच्यावर काही सोपवलं नव्हतं. आता नऊला तो स्वतःची गोळी घ्यायचा आणि मग वैजंतापुढे तिची धरायचा. डॉक्टरांनी तिलाही सुरू केली होती. ती जेवली का, तिने पाणी घेतलं का, दुपारी डोळा लागला का, हे तो पोत्यावर बसून बघायचा. त्याची माणसं अजून बोलायची. पण तो त्यांना सांगायचा, आत्ता नको, ड्युटीवर आहे. सरकारने दिलेल्या पाटीवर तो बोटाने सावकाश नोंद करायचा. अर्धी भाकरी खाल्ली. रागावली. गप्प होती. पाटी ते अक्षर केंद्राला पाठवायची, आणि तिथलं दुसरं एक यंत्र ते वाचून सुधारणा मोजायचं.

अर्थ वैजंताला आता लागला होता. घर तिच्या दुःखावर उभं होतं. ती खचलेली राहील तोवर भाऊ जवळ. ती बरी झाली, तर भावाचं सोबतीपण जाणार, जुनी नोटीस पुन्हा लागू होणार आणि भाऊ दोनशे किलोमीटरवर. आणि सरकारने तिला खचू न देण्याच्या कामावर नेमला होता तो तोच भाऊ. असला डाव जुगारीसुद्धा मांडत नाही.

ती सांभाळून राहू लागली. चांगली झोप लागली तरी नाही लागली म्हणायची. भाजी आवडली तरी ताट सरकवायची. गुरुनाथ तिला नुसता बघायचा आणि खरं तेच लिहायचा.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मालकाकडे पाहुणे आले. नवे माग दाखवताना मालक फुशारकीने सांगत होता, की आमच्या कारखान्यात सगळं संगणकाचं, माणसाच्या डोक्यावर आम्ही काहीच सोडत नाही. गुरुनाथ पोत्यावरून उठला, पाहुण्यांपुढे जाऊन बिल्ला दाखवला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "हळू बोला. पेशंट आहे."

पाहुण्यांनी मालकाकडे पाहिलं. मालक लालबुंद झाला. आणि वैजंता हसली. पोटातून हसली, कांड्या हातातून सांडेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती वर्षांनी हसली ते तिलाच सांगता आलं नसतं. मग एकदम भानावर आली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

उशीर झाला होता. गुरुनाथ पोत्यावर परत बसून पाटीवर बोट फिरवत होता.

ती जवळ गेली आणि हलकेच म्हणाली, "गुरू, ते नको लिहू."

"हसलीस की."

"व्हय. पण लिहू नको."

तो गोंधळला. पाटीकडे आणि तिच्याकडे बघू लागला. "खोटं कसं लिहू, आक्का? तूच सांगतीस. नोकरी जाईल माझी."

वैजंता त्याच्याशेजारी पोत्यावर बसली. त्याच्या तोंडावर लबाडीची रेघ नव्हती. औषधाच्या दुकानाचं तिला एकदा खोटं सांगावं लागलं होतं. तसं आणखी एकदा सांगून त्याची समजूत काढणं अवघड नव्हतं. फेरमापनाला अजून नऊ महिने होते. नऊ महिन्यांनी टोपडं काय म्हणायचं ते म्हणो, दाभाडकर काय लिहायचं ते लिहो. तिला लढायचं तर लढता येत होतं, हे तिने एकदा दाखवलं होतं. पण या माणसाला खोटं शिकवून लढायचं नव्हतं.

"बरं, लिही," ती म्हणाली. "पण अर्धं लिहू नको. कुणाला हसली ते पण लिही."

"कुणाला हसलीस?"

तिने सांगितलं. गुरुनाथने मान हलवली, जाकिटाला बोट पुसलं आणि पाटीवर ठळक अक्षरांत, एकेक अक्षर जपून, नोंद केली.

आक्का पोट धरून हसली. सरकारला हसली.

मग त्याने ती केंद्राला पाठवून दिली.